पूर्वेच्या भिंतीवरची जमीन

तुकोजीरावांच्या डाव्या पायातली चप्पल म्हैसूरच्या देवराज मार्केटात कुठेतरी गळून पडली आणि ते तसेच, एक पाय चपलेत नि एक पाय अनवाणी, कोथिंबीर घेऊन घरी आले. दारात गिरिजाबाईंनी खाली बघून विचारलं, "दुसरी चप्पल कुठाय?" तेव्हा तुकोजीरावांनीही खाली बघितलं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

कंबरेचं दुखणं जुनंच होतं. सारी नोकरी त्यांनी सरकारी बसस्टँडवरच्या काचेच्या केबिनीत बसून काढली होती. हुणसूरची गाडी सोड, बन्नूरची थांबव, कृष्णराजनगरचा ड्रायव्हर कुठे चहा पितोय ते शोध. त्या खुर्चीनं कंबर खाल्ली हे त्यांना मान्य होतं. अलीकडे कुल्ल्यापासून नडगीपर्यंत विजेसारखी कळ जायची, तीही त्यांनी सोसली होती. पण पायातली चप्पल पडावी आणि पायानं ते कळवूही नये, हे नवीन होतं.

मुलगी जयलक्ष्मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून कॉलेजात शिकवत होती. ती त्यांना कण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर वेदवती बुटक्या, चटपटीत बाई होत्या. त्यांनी तुकोजीरावांना टेबलावर निजवलं, पायांच्या दोन्ही अंगठ्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अंगठे वर उचला. माझ्या बोटाला जोर लावून."

उजव्या अंगठ्यानं बोट उडवून लावलं. डाव्याला तुकोजीरावांनी हुकूम सोडला, पुन्हा सोडला, मनातल्या मनात दरडावलं. अंगठा दुसऱ्या खात्यातल्या शिपायासारखा नुसता बसून राहिला.

मग एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली.

"दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते," त्या म्हणाल्या. "होळिगे कशी, बाहेर पोळी, आत पुरण. तुमच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली पोळी मागच्या बाजूनं फाटलीय. पुरण बाहेर आलंय आणि पायात उतरणाऱ्या नसेवर बसलंय. तीच नस अंगठा उचलते."

"पुरण परत आत ढकलता येत नाही का?" गिरिजाबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांना स्वयंपाकघरातून पडला होता आणि तो गैर नव्हता.

"नाही हो. बाहेर आलेला तुकडा काढून टाकायचा. हाडाला छोटी खिडकी करायची, सूक्ष्मदर्शकातून बघत नस बाजूला धरायची, तुकडा उचलायचा. रॉड नाही, स्क्रू नाही. दुसऱ्या दिवशी चालायला लावते मी. नुसतं दुखत असतं तर ऑपरेशनचं नावही काढलं नसतं; बहुतेकांचं औषधानं, चालण्यानं, व्यायामानं बसतं. पण अंगठा बंद पडत चाललाय. दुखणं वाट बघतं, नस बघत नाही."

"आणि नंतर?" तुकोजीरावांनी विचारलं.

"नंतर सहा आठवडे कंबरेतून वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही."

तुकोजीरावांनी कॅलेंडराकडे बघितलं. "म्हणजे दसऱ्याला वाकता येणार नाही."

"दसऱ्याला काय, दिवाळीलासुद्धा जपूनच."

"मग दसरा झाल्यावर करू."

डॉक्टरांनी जयलक्ष्मीकडे बघितलं. जयलक्ष्मीनं छताकडे बघितलं.

आता हे सांगायला हवं की तुकोजीराव वेडे नव्हते. त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष महाराजांच्या घोडदळात होता आणि त्याची तलवार घरात होती. दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे सगळं म्हैसूर गाड्यांना केळीचे खुंट बांधून आयुधपूजा करतं त्या दिवशी, घराण्यातल्या सर्वांत मोठ्या पुरुषानं त्या तलवारीपुढे साष्टांग नमस्कार घालायचा. छाती, कपाळ, हात, गुडघे, पाय, सगळं जमिनीला. त्यात घराण्याची म्हणून एक खास अट होती. पाय मागे सैल सोडायचे नाहीत. बोटं वळवून दोन्ही अंगठ्यांचा तळ जमिनीला घट्ट टेकवायचा. शिपाई नमस्कारातसुद्धा उठायच्या तयारीत असला पाहिजे. ज्याला हे जमलं नाही त्याच्याकडून तलवार त्याच दिवशी वयानं पुढच्या पुरुषाकडे जायची आणि मग परत यायची नाही. तुकोजीरावांच्या आजोबांनी हिवतापात थरथरत नमस्कार घातला होता. बघणारे सांगत की तलवारही थरथरत होती.

तलवार असण्यात लाभ म्हणाल तर दोन. दर अमावास्येला तिला तेल पुसायचं, आणि घराण्यातल्या लग्नांत पहिल्या रांगेत बसायचं.

वयानं पुढचा पुरुष म्हणजे चुलतभाऊ दत्तोजीराव. ते दोन गल्ल्या पलीकडे राहत. रोज सकाळी गच्चीवर सूर्यनमस्कार घालत आणि त्यासाठी त्यांनी गच्चीचा नेमका तो कोपरा निवडला होता जो तुकोजीरावांच्या न्हाणीघराच्या खिडकीतून दिसे. मनुष्य वाईट नव्हता. नुसता लवचीक होता, आणि ते दिसावं अशी त्याची इच्छा होती.

"पाय जाईल म्हणतायत डॉक्टर, आणि ह्यांना तलवार सुचतीय," गिरिजाबाई म्हणाल्या. "उद्या पहिल्या रांगेत बसायला जाणार कसे? आम्ही उचलून न्यायचं?"

"तू सुम्ने, गप बस गं," तुकोजीराव म्हणाले. पण संध्याकाळी अंगणात चालताना त्यांचा डावा पाय फरशीवर 'पटक पटक' असा आपटत होता, आणि तो आवाज घरातल्या सगळ्यांनी ऐकला.

तो ऐकूनच जयलक्ष्मीनं विचार सुरू केला. रात्रीच्या जेवणानंतर ती वडिलांसमोर येऊन बसली.

"अप्पा, तुम्ही वाकायचं नाही एवढीच अडचण आहे ना?"

"एवढीच."

"मग जमीन उभी करू."

तुकोजीरावांनी तिच्या शिक्षणावर झालेला खर्च आठवून पाहिला.

"साष्टांगात माणूस सरळच असतो," ती म्हणाली. "पाठ सरळ, पाय सरळ, हात डोक्यापुढे. वाकणं येतं ते खाली जाताना आणि वर येताना. तुम्ही उभे राहा, जमीन तुमच्या छातीला आणून लावू. आठही अंगं टेकतील. कंबर तसूभर वाकणार नाही."

दुसऱ्याच दिवशी पुरोहित हयग्रीव जोइस आणि दत्तोजीराव यांना बोलावलं. हयग्रीव जोइस वृद्ध होते आणि कुठल्याही प्रश्नाला घाईनं नाही म्हणत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दूध मागितलं.

दत्तोजीरावांनी मात्र लगेच पवित्रा घेतला. "अण्णा, राग मानू नको. पण भिंतीला चिकटलास तर तो नमस्कार नाही, ते चिकटणं झालं. जमीन म्हणजे जिच्यावर वस्तू राहते ती. एक नारळ ठेवून बघ तुझ्या उभ्या जमिनीवर. राहील?"

"पडेल," जयलक्ष्मी म्हणाली.

"मग ती भिंत. आय्तु, संपलं."

"काका, नारळ पृथ्वीच्या मध्याकडे पडतो. म्हैसुरातला इकडून, दुसरीकडचा तिकडून. पृथ्वी गोल आहे हे तर मान्य आहे ना?"

"आहे की. शाळेपासून आहे."

"मग इथून पश्चिमेला पृथ्वीचा पाव वळसा जा. आफ्रिकेच्या काठावर सिएरा लिओन नावाचा देश लागतो. तिथली जमीन आपल्या जमिनीशी काटकोनात आहे. म्हणजे आपल्या दृष्टीनं उभी. तिथल्या माणसानं घातलेला साष्टांग नमस्कार चालेल की नाही?"

हयग्रीव जोइसांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "तिथं आपली माणसं आहेत का?"

"गुजराती दुकानदार असतीलच."

"असतीलच," जोइस म्हणाले. "गुजराती नाहीत असा देश नाही. त्यांचा नमस्कार पोचतो. पोचलाच पाहिजे, नाहीतर ते एवढे बरकतीत कसे?"

"मग अप्पा तसाच घालतील. देवघरातली एक लांबलचक फरशी काढून पूर्वेच्या भिंतीवर उभी लावायची. तिचं तोंड पश्चिमेला. अगदी सिएरा लिओनच्या जमिनीसारखी."

"डोकं कुठल्या दिशेला येईल?" जोइसांनी विचारलं. हा त्यांचा खरा प्रश्न होता. बाकी ते नुसते ऐकत होते.

जयलक्ष्मीनं टेबलावरचं मोसंबं उचललं, त्यात दोन टाचण्या खोचल्या आणि बराच वेळ ते फिरवत बसली. शेवटी ती म्हणाली, "इथलं 'वर' म्हणजे तिथलं पूर्व. म्हणजे तिथल्या हिशेबानं डोकं पूर्वेला."

जोइसांचा चेहरा उजळला. "पूर्वेला असेल तर मला काही म्हणायचं नाही. मात्र भूमी म्हणजे माती. फरशीवर तुळशीतली माती आणि शेण सारवा. आणि मी सरळ बसणार. मला तिकडे वळवू नका."

दत्तोजीरावांनी मोसंबं हातात घेऊन एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ दे. सिएरा लिओन तर सिएरा लिओन. पण अंगठ्याची अट राहील. दोन्ही अंगठे वर उचलून तळ त्या फरशीला टेकला पाहिजे. आणि ते मी बघणार. अंगठा आणि फरशी यांच्यामध्ये विड्याचं पान धरायचं. पान राहिलं तर तलवार तुझी. पडलं तर माझी."

सगळ्यांनी तुकोजीरावांच्या डाव्या पायाकडे बघितलं. तुकोजीरावांनीही बघितलं. तोच अंगठा, तोच हुकूम न मानणारा. दसऱ्यापर्यंत थांबलं तर तो नक्की उचलणार नव्हता, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ऑपरेशन केलं तर कदाचित.

"डॉक्टरांना फोन लाव," ते म्हणाले.

डॉक्टर वेदवतींना जयलक्ष्मीनं फोनवर विचारलं की ऑपरेशननंतर अप्पांनी भिंतीला छाती लावून थोडा वेळ उभं राहिलं तर चालेल का. "चालेल की," त्या म्हणाल्या. "पण का?" जयलक्ष्मीनं खरं उत्तर द्यायला सुरुवात केली, सिएरा लिओनपर्यंत पोचली, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "साकु, साकु, पुरे. परवा उपाशीपोटी या."

ऑपरेशन जेवढा वेळ सांगितलं होतं तेवढ्यातच झालं. तुकोजीराव शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की नडगीतली ती वीज नाहीये. इतके महिने ती सोबत होती की क्षणभर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना उठायला शिकवलं. आधी गुडघे दुमडायचे, मग खांदे नि कंबर एकदम, ओंडका वळतो तसं कुशीवर, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातानं रेटून वर यायचं. मध्ये कुठे पिळायचं नाही. बसायचं थोडं, चालायचं थोडं, पण दिवसातून पुष्कळ वेळा.

दुखणं गेलं. अंगठा आला नाही.

"गवतावर दगड ठेवला होता," डॉक्टर म्हणाल्या. "मी दगड काढलाय. गवत लगेच हिरवं होत नाही. काहींचं काही आठवड्यांत होतं, काहींना वर्ष लागतं, काहींचं थोडं पिवळं राहतंच. तुम्ही रोज प्रयत्न करत राहा. न हलणाऱ्या अंगठ्यालाही रोज सांगायचं."

तुकोजीराव घरी आले आणि अंगठ्याला सांगू लागले. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर. भाषा बदलून पाहिली. मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं, बसस्टँडवर ड्रायव्हरांना सांगायचे त्या स्वरात सांगितलं. जयलक्ष्मी म्हणाली की नसेला भाषा कळत नाही. "मग तिला काय कळतं?" त्यांनी विचारलं.

घरात दुसरीकडे जमीन उभी राहत होती. गवंड्यानं देवघरातली फरशी काढली आणि पूर्वेच्या भिंतीवर बसवली. गिरिजाबाईंनी ती सारवली, सारवण खाली ओघळू लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्या आफ्रिकेत जरा ओल जास्तच आहे." तलवार एरवी डोक्यापुढे ताठ उभी असायची, म्हणून आता ती फरशीच्या वरच्या टोकाला लोखंडी कोंदणात आडवी बसवली. पातं थेट खोलीत आलं होतं. जाता-येता सगळे खाली वाकून जात. इतके नमस्कार त्या तलवारीला शंभर वर्षांत मिळाले नसतील. वाकायची बंदी असलेले एकटे तुकोजीराव स्वयंपाकघरातून वळसा घालून देवघरात येत.

दत्तोजीराव रोज चौकशीला यायचे. येताना शहाळं आणायचे आणि पलंगाच्या पायथ्याशी बसायचे.

"काय म्हणतोय?"

"बरा आहे. कळ गेली."

"तू नव्हे. अंगठा."

"नाही."

"बरं," दत्तोजीराव म्हणायचे, आणि शहाळं फोडून द्यायचे. एकदा तुकोजीरावांचा डोळा लागलाय असं समजून त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं त्या अंगठ्याला हळूच ढोसलं. तुकोजीराव जागे होते, पण त्यांनी डोळे मिटूनच ठेवले. ढोसणं त्यांना अगदी अंधूक, गोधडीतून आल्यासारखं जाणवलं होतं, आणि आधी तेवढंही जाणवत नव्हतं.

नवमीला सकाळपासून गल्लीत गाड्या धुणं चाललं होतं. टायरखाली लिंबं चिरडल्याचे आवाज येत होते. घरात हयग्रीव जोइस सरळ जमिनीवर सरळ बसले आणि मंत्र सुरू झाले. समईची ज्योत वरच जात राहिली. तलवारीला लावलेलं कुंकू टिकलं, अक्षता टिकल्या नाहीत. जोइस त्या खालून वर फेकत आणि त्या त्यांच्याच अंगावर परत येत.

"सिएरा लिओन," दत्तोजीराव म्हणाले.

"काका," जयलक्ष्मी म्हणाली.

"मी काही बोललो नाही."

मग तुकोजीराव पुढे झाले. तलवारीच्या बाजूनं, न वाकता, ते फरशीपाशी पोचले. छाती लावली, कपाळ लावलं, हात वर लांब केले, गुडघे टेकवले. ओल्या शेणाचा वास नाकात गेला. डोळ्यांपुढे नुसती माती होती. खालचं त्यांना काहीच दिसत नव्हतं.

अंगठे बघायचे म्हणजे खाली जायला हवं. दत्तोजीरावांनी पंचा खोचला आणि ते पोटावर आडवे झाले, छाती जमिनीला, गाल जमिनीला, हात पुढे. चिमटीत विड्याचं पान.

"उजवा," ते म्हणाले. तुकोजीरावांनी अंगठा उचलून दाबला. दत्तोजीरावांनी पान ओढलं, ते फाटलं, देठ हातात आला. "उजवा घट्ट. दुसरं पान द्या."

गिरिजाबाईंनी पान दिलं.

"डावा."

तुकोजीरावांनी सांगितलं. ह्या वेळी दरडावलं नाही, दरडावायला दम नव्हता. कपाळ दगडाला होतं, कंबर सरळ होती, आणि त्यांनी खाली कुठेतरी, फार लांबच्या गावाला, निरोप धाडला. गेला की नाही कळायला मार्ग नव्हता. जोइसांनी मंत्र थांबवून मान वर काढली.

"टेकला का?" जोइसांनी विचारलं.

दत्तोजीराव जमिनीवरून आणखी थोडे पुढे सरकले.

"दत्तू," तुकोजीराव दगडात तोंड ठेवून म्हणाले, "खरं सांग. नसेल तर नसेल म्हण."

"पान पडलं," दत्तोजीराव म्हणाले.

गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. तुकोजीरावांचे हात फरशीवरून थोडे खाली घसरले.

"पान पडलं," दत्तोजीराव पुन्हा म्हणाले, पण आवाज वेगळा होता. "पण आधी धरलं होतं. अण्णा, जरासं धरलं होतं. अंगठा वर आला होता."

"वर आला होता?"

"दोऱ्याएवढा. परत कर बघू."

तुकोजीरावांनी परत निरोप धाडला.

"हं," दत्तोजीराव खालून म्हणाले. "आला. गेला. परत."

"आता?"

"थांब, नख चमकलं. जया, ती बॅटरी आण गं. परत कर अण्णा. हं."

जयलक्ष्मी बॅटरी घेऊन काकांच्या शेजारी आडवी झाली. गिरिजाबाई गुडघ्यांवर बसल्या. हयग्रीव जोइसांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मुहूर्त टळतोय. तलवार कोणाची ते सांगा, मला आणखी चार घरच्या स्कूटरी पुजायच्या आहेत."

"पान पडलं ना?" तुकोजीराव म्हणाले. "मग त्याची. द्या त्याला, सोडा आम्हाला."

जोइसांनी कोंदणातून तलवार काढली आणि जमिनीवर पालथ्या पडलेल्या दत्तोजीरावांच्या पाठीवर अक्षता टाकल्या. दोन्ही अंगठे वळवलेले, कपाळ जवळजवळ टेकलेलं; जोइसांना नमस्कार म्हणून तेवढं पुरलं. दत्तोजीरावांनी एक हात मागे करून तलवार घेतली आणि छत्री धरावी तशी काखेत धरली.

तुकोजीराव भिंतीपासून सुटून, सरळच्या सरळ, खुर्चीवर टेकले. त्यांच्या कपाळाला आणि छातीला शेण लागलं होतं. त्यांनी डावा पाय पुढे केला. सगळे भोवती वाकले. अंगठा आधी नुसता पडून राहिला, मग नखाच्या मुळाशी कातडी ताणली गेली आणि तो उठला, फार नाही, पण उठला.

"हे बघ," तुकोजीराव म्हणाले.

"बघतोय," दत्तोजीराव म्हणाले. काखेतली तलवार मध्ये येत होती, म्हणून त्यांनी ती कोणाच्या तरी हातात द्यायला पुढे केली. ती घ्यायला कोणाचाच हात मोकळा नव्हता.